मध्ये भोक असलेली गादी

ठाकठीक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी ते ठेवलं होतं. सीट शिवून, ताणून, ठोकून झाली की तो तिच्यावर एकदा तळहात आपटायचा आणि म्हणायचा, "ठाकठीक!" हा शब्द तोंडातून बाहेर पडला की त्या सीटबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढायचं नाही, असा त्याच्या दुकानाचा कायदा होता. माणूस वाईट नव्हता, पण चांगला होता म्हणायलाही जीभ रेटत नाही. कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि बोलायला लागला की त्याचं तोंड धरणारंही कोणी नव्हतं.

दुकान डेपोच्या समोर, रस्त्याच्या वळणावर. पुढे शिलाई मशीन, मधे कापायचं भलंमोठं टेबल, मागे राहायची एक खोली, आणि वर पोटमाळ्यावर फोमच्या तक्त्यांची चळत. हे काम तो मामाकडे शिकला. मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बसणाऱ्याला शिवण कळली, की तू मेलास." दुसरी गोष्ट मामाने सांगितली ती अशी: जिथे टोचतं तिथे वरून भर घालत बसायचं नाही, खालून काढून घ्यायचं, पोकळ करायचं. मूळव्याधीने हैराण झालेल्या एका गिऱ्हाइकाला मामाने मधे भोक पाडून गादी करून दिली होती, आणि तो माणूस मरेपर्यंत मामाचं नाव घेत होता. मामाचा शब्द म्हणजे ठाकठीकसाठी काळ्या दगडावरची रेघ. मामा गेला, पण रेघ काही पुसली नाही.

तर हा माणूस एक दिवस पोटमाळ्यावरून पडला. फोमचा तक्ता ओढायला गेला, शिडी सरकली, आणि खाली आला. दुकानभर फोम पसरलेला होता. इकडे फोम, तिकडे फोम, मधे हातभर फरशी मोकळी, आणि हा नेमका त्या हातभर फरशीवर. पाठीचा कणा गेला. कमरेखालचं सगळं शरीर त्याचं राहिलं नाही. इस्पितळातून परत आल्यावर हीच गोष्ट तो गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. "जन्मभर लोकांच्या बुडाखाली गाद्या सारल्या," तो म्हणायचा, "आणि माझी वेळ आली तेव्हा एक चिंधी नाही!" गिऱ्हाईक हसायचं, मग हसलो म्हणून ओशाळायचं. ते ओशाळलेलं तोंड बघायला ठाकठीकला फार आवडायचं.

चाकाच्या खुर्चीत बसून त्याने दुकान पुन्हा उघडलं. मशीनचं पायडल वर टेबलावर घेतलं आणि डाव्या कोपराने ते दाबायची सवय केली. पहिली सीट तयार झाली तेव्हा त्याने तळहात आपटला आणि डेपोपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला. लोकांनी वाहवा केली. वाहवा ही फार वाईट गोष्ट असते, माणूस ती मिळवायला जागचा उठत नाही. याला तर उठायचंही नव्हतं. सकाळी मशीनसमोर बसला की अंधार पडेपर्यंत तिथेच.

इस्पितळातली सिस्टर अधूनमधून घरी येऊन बघून जायची. तरुण पण खमकी पोरगी होती. तिने हवेची एक गादी आणून दिली. छोट्याछोट्या फुग्यांची, काळ्या रबराची.

"काका, ही खुर्चीत घालायची. आणि थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. तुम्हाला कळत नाही म्हणून तिथल्या कातडीला कळत नाही असं नाही."

"सिस्टर, अख्खं आयुष्य लोकांच्या बुडांत गेलंय माझं. आता तुम्ही मला बसायला शिकवणार?"

"शिकवणार. बेडसोर झाला की महिनोन्महिने भरत नाही, काका."

"हो हो. ठेवा तो फुगा तिकडे."

तो फुगा पोटमाळ्यावर गेला. ठाकठीकने स्वतःसाठी स्वतःच्या हाताने गादी केली, कडक फोमवर मऊ फोम, वर उत्तम रेक्झिन. दिसायला अशी देखणी की एका ड्रायव्हरने तशीच मागितली. आणि बूड उचलायचं म्हणाल तर हातात शिवण असताना कोण उचलतं? शिवण अर्ध्यावर सोडली की ती वाकडी जाते.

बायकोला पहिल्यांदा डाग दिसला तो गादीवर. मग वास आला. तिने त्याला कुशीवर वळवलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे कधी झालं? तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळायला तिथे घरात कोण असतं?" तो म्हणाला.

बसायच्या हाडावर, उजव्या बाजूला, वाळलेल्या चामड्यासारखी काळी खपली धरली होती. इस्पितळात ती कापून काढली तेव्हा खाली खड्डा निघाला. वरून लहान, आतून पसरलेला. सिस्टरने बायकोला पट्टी करायला शिकवली. धुवायचं, ओली जाळी खड्ड्यात हलक्या हाताने सारायची, वरून झाकायचं. पहिल्या दिवशी बायको मधेच उठून मोरीत जाऊन ओकून आली. परत येऊन हात धुतले आणि राहिलेली जाळी सारायला लागली.

"काय भरतेस गं? उशी आहे का ती?" हा पालथा पडून विचारत होता. "कोपरे सोडू नको. कोपऱ्यात पोकळी राहिली की माल बसतो."

ती कोपऱ्यांत जाळी सारत राहिली. तिचं असंच होतं. नवी नवरी होती तेव्हा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती, आणि तेव्हाही ती ओरडली नव्हती म्हणे. मात्र त्यानंतर तिने मशीनची धास्ती घेतली ती कायमची. दुकानात ती दोरे कापायची, झाडायची, चहा आणून द्यायची, आणि मशीनच्या पलीकडून वळसा घालून जायची.

सिस्टरचा हुकूम साधा होता. जखम भरेपर्यंत बसायचं नाही. मिनिटभरही नाही. पालथं पडायचं. "आणि भरली तरी लगेच नाही," ती म्हणाली होती. "नवी कातडी सायीसारखी असते."

आता पालथं पडून काय करणार? दुकान बंद ठेवायचं? डेपोच्या मिस्त्रीने कापायच्या टेबलाचे पाय कापून ते खुर्चीच्या उंचीचं करून दिलं, म्हणजे त्याला खुर्चीवरून टेबलावर सरकवायला सोपं. वर जाड फोम अंथरला, हनुवटीखाली उशी दिली, आणि ठाकठीक त्या टेबलावर, दुकानाच्या मधोमध, पालथा पडला. हात पुढे सोडून खाली ठेवलेल्या पाटावर तो रेक्झिन कापायचा, खडूने आखायचा, दाभणाने हातशिलाई करायचा. गिऱ्हाईक आत आलं की त्याला फक्त पाय दिसायचे. चपलांवरून, बुटांवरून तो माणसं ओळखायला लागला. कोणाची टाच बाहेरून झिजते, कोण नाडी बांधत नाही, वास आल्यावर कोणाचा पाय आपोआप मागे सरकतो, हे त्याला पाठ झालं.

वास होताच. किती धुतलं तरी होता. बायकोने त्यावर एक तोड काढली. रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा ती दिवसभर उघडा ठेवायची. त्या उग्र वासात बाकीचं सगळं बुडून जायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकान जोरात चाललंय. तिचं डोकं मात्र त्या वासाने संध्याकाळपर्यंत ठणकायला लागायचं.

राहता राहिलं मशीन. त्यावर बसायला कोणीतरी हवं होतं, आणि कोणीतरी म्हणजे एकच माणूस होतं. बायको मशीनवर बसली. पायडल परत खाली घेऊन त्यावर पाय ठेवला आणि तिचा पाय थरथरायला लागला. हे त्याला दिसत होतं, कारण त्याला पायच दिसायचे.

"मेलेल्या कोंबडीसारखा पाय काय हलवतेस? दाब."

तिने दाबलं. शिवण नागमोडी गेली. त्याने ती मागून घेतली, अर्धं ब्लेड हातात धरलं आणि टोकापासून टोकापर्यंत उसवली. कर्र, कर्र, कर्र. मग कापड तिच्या पायांपाशी फेकलं. "परत."

हे किती काळ चाललं ते मोजण्यात अर्थ नाही. पंखा लागायचे दिवस जाऊन अंगावर शाल घ्यायचे दिवस आले, तोवर तिची सरळ शिवण सरळ यायला लागली. मग कोपरे जमले. मग वळणं जमली. एक गोष्ट जमेना, ती म्हणजे पाइपिंगचा सांधा. सीटच्या कडेने रेक्झिनची जी गोल, फुगीर दोरी फिरवतात तिला पाइपिंग म्हणतात. ती फिरून आली की तिची दोन टोकं एकमेकांना मिळवावी लागतात. तिथे हमखास गाठ राहते. कारागीर ओळखायचा तो त्या सांध्यावरून. ठाकठीक डोळे मिटून पाइपिंगवरून अंगठा फिरवायचा, आणि सांध्यापाशी आला की थांबायचा.

"गाठ."

कर्र, कर्र, कर्र.

"अहो, दिसत तर नाही ना," एकदा ती म्हणाली.

"माणूस डोळ्यांनी बसतो का?"

तिच्या एकाही कामावर त्याने तळहात आपटला नाही. डेपोत माल जायचा, ड्रायव्हर बसायचे, कोणाची तक्रार यायची नाही, पण ठाकठीकच्या तोंडून तिच्या कामाला 'ठाकठीक' निघालं नाही. 'चालेल' म्हणायचा. फार झालं तर 'हं' म्हणायचा. त्याला तिचा राग होता का? होता. ती सकाळी त्याच्या जखमेत बोटं घालायची आणि मग तेच हात धुऊन त्याच्या मशीनवर बसायची, याचा राग होता. जखम भरत होती तिच्या हातून आणि मशीन जात होतं तेही तिच्याच हातात. माणसाला अशा वेळी कृतज्ञ वाटतं, असं सांगणारे लोक कधी पालथे पडलेले नसतात.

जखम खरंच भरत होती. आतून, तळापासून, गोगलगायीच्या गतीने. मधे एकदा चिघळली, ताप आला, महिन्याभराची कमाई पाण्यात गेली, मग पुन्हा सुरुवात. सिस्टर आली की हा मान वळवून एकच विचारायचा, "केवढी राहिली?" सुरुवातीला मूठभर, मग लिंबाएवढी, मग अंगठ्याच्या नखाएवढी. शेवटी एक दिवस सिस्टरने नेहमीची पट्टी बंद केली आणि चिकटणारं एक जाड प्लास्टर लावलं.

"आता हे काढायचं नाही. मी येईन तेव्हा मीच काढीन. काका, जवळजवळ जिंकलात तुम्ही. आणखी थोडे दिवस असंच पडून राहा, मग इस्पितळात येऊन नीट गादीवर बसायला सुरुवात करू. आधी थोडंच बसायचं, मग हळूहळू वाढवायचं."

"मशीनवर कधी बसेन?"

"बसाल. पण त्याआधी बसलात तर परत पहिले पाढे, आणि या खेपेला हाडापर्यंत जाईल. मग कायमचं पडून राहावं लागेल. हसू नका, मी घाबरवत नाहीये."

तो हसत नव्हता. त्या क्षणी तो सिस्टरच्या पायांकडे बघत मनात एकच ठरवत होता, की मी मशीनवर बसणार. जगायचं कशासाठी, तर मशीनवर बसायला. बाकी त्याला काही नको होतं.

आणखी थोडे दिवस त्याने काढलेही असते. पण त्याच आठवड्यात मिस्त्रीचे बूट दारात आले. डेपोतल्या सगळ्या बसगाड्यांच्या सीटना नवी कव्हरं घालायची होती, आणि ड्रायव्हरच्या सीटा मुळापासून नव्या करायच्या होत्या. ड्रायव्हरची सीट हे ठाकठीकचं खास काम. दिवसभर एकाच जागी बसणारा माणूस, खाली इंजिन हादरतंय, वळणावर अंग एका बाजूला जातंय. ती सीट त्याच्याशिवाय कोणाला जमायची नाही.

"ड्रायव्हरची मी बघतो," तो टेबलावरून म्हणाला.

"तू पडून राहा रे निवांत," मिस्त्री म्हणाला. मनाने भला माणूस, तोंडाने फाटका. "वहिनी करतील की. मागच्या दोन त्यांनीच केल्या होत्या ना? ड्रायव्हर म्हणाला, आधीपेक्षा बरी बसक आहे. खरं सांगू का, आता आमच्यात सगळे वहिनींचं दुकान असंच म्हणतात."

बायकोचे पाय मशीनखाली एकदम स्तब्ध झाले. रेक्झिनवर आखत असलेली खडूची रेघ ठाकठीकने पूर्ण केली. सरळ आली.

दुसऱ्या दिवशी त्याने मामाला आठवलं. जिथे टोचतं तिथे पोकळ कर. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. जखम आहे उजव्या हाडाखाली. तिथे काही लागलंच नाही, तर जखम बिघडेल कशाला? तिथे भोक ठेवायचं. बूड बसेल कडेवर, जखम राहील अधांतरी. तिला हवादेखील लागेल. सिस्टरला विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण विचारणं म्हणजे सांगणं, आणि सांगणं म्हणजे नाही ऐकणं. शिवाय गाद्यांतलं सिस्टरला काय कळतं?

फोम त्याने स्वतः कापला, पालथा पडून. मोजमाप खुर्चीचं घेतलं. भोक चहाच्या बशीभोवती खडू फिरवून आखलं. पण कव्हर शिवायला मशीन लागणार, आणि मशीनवर तो नव्हता.

"ही एक शिवायची आहे," त्याने बायकोला सांगितलं. "डेपोतल्या कारकुनाची. बिचाऱ्याला मूळव्याध आहे. कोणाला सांगू नकोस, लाजतो तो."

बायकोला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. "तरीच तो बिलं द्यायला उभ्याउभ्याने येतो होय!" मग तिने फोम उचलून बघितला. "आपल्या खुर्चीएवढाच आहे हो हा."

"सगळी बुडं सारखीच असतात. आणि हे बघ, भोकाला आतून पाइपिंग दे. कड पक्की पाहिजे, फोम आत ढासळता कामा नये. दोरी जाड घे."

आतल्या गोलाला पाइपिंग देणं म्हणजे काय असतं ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. कापड विरुद्ध दिशेला ओढतं, चुण्या पडतात, आणि सांधा लपवायला जागाच नसते. ती दोन दिवस त्या एका गादीशी झटत होती. तिने स्वतःच उसवलं, परत शिवलं, परत उसवलं. कारकुनाच्या दुखण्याची तिला खरोखर कणव आली होती. दुखरी जागा म्हणजे काय हे तिच्याइतकं जवळून कोणी बघितलं होतं?

गादी झाली. तिने ती त्याच्या हातात दिली आणि उभी राहिली. त्याने डोळे मिटले आणि भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एक फेरा झाला. अंगठा कुठे थांबला नाही. दुसरा फेरा झाला. तिसऱ्यांदा त्याने नख लावून बघितलं. सांधा सापडेना. मामाच्या हातालाही सापडला नसता.

"चालेल," तो म्हणाला.

तिचे पाय थोडा वेळ तिथेच होते. मग चहा ठेवायला आत गेले.

कव्हरं बसवायला तिला डेपोत जावं लागायचं. सकाळी त्याचं सगळं आवरून, जेवण हाताशी ठेवून ती जायची ती दिवेलागणीला यायची, बोटं सोललेली, कंबर धरलेली. पहिल्या दिवशी ती रस्ता ओलांडून गेली आणि ठाकठीकने खुर्ची ओढली. रेक्झिनने मढवलेली गुळगुळीत फळी त्याने टेबल आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकली, दंडांवर जोर दिला, अंग वळवलं, सरकला, आणि बसला. बसला! जग पुन्हा जागच्या जागी आलं. माणसांना पाय होते तशी तोंडंही होती. रस्ता दिसला, डेपोचं फाटक दिसलं, आभाळ दिसलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते येऊ दिलं. मग तो मशीनपाशी गेला, पायडल कोपराखाली घेतलं आणि ड्रायव्हरची सीट हातात घेतली.

संध्याकाळ व्हायच्या आत तो पुन्हा टेबलावर पालथा होता. "काय केलंत दिवसभर?" तिने विचारलं. "काय करणार, पडलो होतो," तो म्हणाला. ती अंग पुसायला आली तेव्हा तो खेकसला, "सिस्टरने हात लावू नको म्हणून सांगितलंय ना त्या बाजूला?" ती इतकी दमलेली होती की तिला ते बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. शिवलेली सीट तो फोमच्या ढिगामागे लपवायचा. सगळ्या झाल्या की मिस्त्रीला बोलावून, मशीनवर बसून, एकेका सीटवर हात आपटत दाखवायच्या, असा त्याचा बेत होता. बायकोचं तोंड तेव्हा कसं होईल हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

पुढे एका सकाळी त्याला मशीनवर हुडहुडी भरली. आधी वाटलं दारातून वारा येतोय. मग दात वाजायला लागले. पाय, जे त्याचं काहीएक ऐकत नव्हते, ते आपणहून उडायला लागले, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर आपटायला लागले. शिवण हलली. त्याने कोपर उचललं नाही. एवढी एक सीट राहिली होती. फळी खुर्चीपासून हातभर लांब भिंतीला टेकून होती आणि तिथपर्यंत त्याचा हात पोचेना. शुद्धीवर होता तोवर त्याने शिवलं. पुढचं त्याला नीट आठवत नाही.

बायको आली तेव्हा तो मशीनवर मान टाकून बसलेला होता, अंग तव्यासारखं तापलेलं. तिने मिस्त्रीला हाक मारली. दोघांनी त्याला उचलून टेबलावर पालथं घातलं आणि मिस्त्री सिस्टरला आणायला धावला. बायको खुर्चीकडे वळली. खुर्चीत कारकुनाची गादी होती. भिजलेली.

ठाकठीकला तिचे पाय दिसत होते. ते खुर्चीपाशी थांबले. मग त्याच्यापाशी आले. तिने कपडा वर केला. प्लास्टर सुटून लोंबत होतं. पाय हलले नाहीत. खूप वेळ हलले नाहीत.

सिस्टर आली. तिने हातमोजा घातला, बघितलं, बोट आत घालून बघितलं, आणि म्हणाली, "हाड लागतंय." मग तिची नजर गादीवर गेली. "यावर बसला होता? या रिंगणावर? अहो, मधे भोक असलं की सगळा भार कडेवर येतो. चहूबाजूंनी रक्त बंद होतं. मधल्या मांसाचा गळा आवळल्यासारखं होतं ते! असली गादी या दुखण्यात कोणी देत नाही. कोणी दिली ही? कोणी शिवली?"



"मी," बायको म्हणाली.

आता ठाकठीकने बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की तिला ठाऊक नव्हतं, मी खोटं बोललो. तोंड मोकळं होतं. ताप होता, पण जीभ चालत होती. तो पाटावरच्या खडूच्या तुकड्याकडे बघत राहिला. सिस्टर बायकोला पुष्कळ बोलली. त्यात काकू म्हणायचंही विसरली. इतके महिने तुम्हाला शिकवलं ते याच्यासाठी का, असंही म्हणाली. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"आता बसणं विसरा," शेवटी सिस्टर त्याला म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "इस्पितळात नेते, हाड खरवडतील, जगवतील. पण मशीनवर बसणं नाही, काका. पुन्हा कधीच नाही." आणि ती गाडीची सोय करायला बाहेर गेली. मिस्त्रीही तिच्यामागे गेला.

दोघंच उरली. बायको अजून त्याच्या मागेच उभी होती, ओला बोळा हातात घेऊन. जखमेभोवतालची कातडी तिने पुसली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. हात थांबल्याचं त्याला कळायचं नाही, पण पाण्याचा आवाज थांबला ते कळलं.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"पाइपिंग," ती म्हणाली. "पाइपिंग उठलीय. गोल. जांभळी. अख्खी."

त्याने डोळे मिटले. बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर फिरायला लागली.

"सांधा दिसतो?"

ती वाकली असावी. तिचा श्वास जवळ आला. तिने खरंच बघितलं, नीट, सगळीकडून.

"नाही," ती म्हणाली. "नाही दिसत."

त्याने टेबलावर तळहात आपटला. जोर नव्हता, पण आवाज आला.

"ठाकठीक," तो म्हणाला.

तिचे पाय तिथेच राहिले. मग वळले. सोल्यूशनच्या डब्यापाशी गेले, झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ते मशीनपाशी गेले आणि स्टूल सरकलं. ड्रायव्हरची शेवटची सीट अजून सुईखाली अडकलेली होती, हुडहुडीत शिवलेली, शिवण सापासारखी वळवळत गेलेली. तिने ती ओढून काढली आणि उजेडात धरली. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. त्याने कान दिले.

कर्र, कर्र, कर्र. ती त्याची शिवण उसवत होती.